हाडाच्या कर्करोगात गाठ काढल्यावर भरलेली बायोग्लास उरलेल्या कर्कपेशीही मारते का?

नाही, आज शस्त्रक्रियेत वापरतात ती साधी बायोग्लास, म्हणजे हाडाशी जुळणारी खास काच, कर्कपेशी मारत नाही. ती हाडातली पोकळी भरते आणि तिथे नवं हाड धरायला मदत करते. ही काच 1969 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी बनवली. शरीरातल्या द्रवात ती हळूहळू विरघळते, तिच्यावर हाडातल्या खनिजासारखा थर जमतो आणि त्या थरावर हाडाच्या पेशी ठाण मांडतात. तुम्ही बहुधा गॅलियम हा धातू मिसळलेल्या काचेबद्दल वाचलं असेल. त्यातली युक्ती मला फार सुंदर वाटते: गॅलियमचा आयन (विद्युतभार असलेला अणू) लोहाच्या आयनासारखा असतो आणि भराभर वाढणाऱ्या कर्कपेशींना लोहाची मोठी भूक असते, म्हणून त्या तो आत ओढून घेतात. पण लोहाचं काम त्याला जमत नाही, आणि डीएनए बनवण्याची प्रक्रिया अडते. ब्रिटनमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठात अशा काचेने ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगाच्या 99 टक्के पेशी मारल्या, निरोगी हाडपेशी शाबूत ठेवून. मात्र हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर झालं, रुग्णांवर नाही. शिवाय काच ठिसूळ. मांडीच्या हाडासारख्या भार पेलणाऱ्या जागी ती एकटी टिकत नाही. ऑस्टिओसार्कोमात मुख्य उपचार आजही केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया हाच आहे, तेव्हा या बातमीच्या भरवशावर केमोचा एकही डोस पुढे ढकलू नका.