हार्पेंडनच्या मतदाराचे तीन विभाग

प्रश्न : माझी लेक नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर काउंटीत, हार्पेंडनला राहते. तिथल्या कागदपत्रांत कुठे ‘वॉर्ड’ असतं, तर कुठे ‘डिव्हिजन’. मुंबईत एक प्रभाग, एक नगरसेवक. तिथे एवढी विभागणी कशासाठी? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : मुंबईऐवजी रायगड जिल्हा परिषद डोळ्यांसमोर आणा. परिषदेसाठी गट, पंचायत समितीसाठी गण. हर्टफर्डशरमध्ये काउंटी कौन्सिलसाठी ७८ डिव्हिजन आहेत. प्रत्येकातून दर चार वर्षांनी एक सदस्य निवडून येतो. शाळा, रस्ते, वाचनालयं, वृद्धांची देखभाल ही कामं त्यांच्याकडे. काउंटीत आपल्या तालुक्यांसारखे १० जिल्हे असून हार्पेंडन सेंट ऑल्बन्स जिल्ह्यात येतं. हा जिल्हा वॉर्डांत विभागलेला आहे. कचरा, बांधकाम परवानगी वगैरे जिल्ह्याकडे. शिवाय हार्पेंडनची स्वतःची टाउन कौन्सिल, म्हणजे गावापुरती परिषद आहेच; हा तिसरा विभाग.

आपल्याकडे एका गटात दोन गण चपखल बसतात. तिथे वॉर्ड आणि डिव्हिजन वेगवेगळे आखतात, त्यामुळे हद्दी जुळतीलच असं नाही. डिव्हिजनने जिल्ह्याची हद्द मात्र ओलांडायची नाही, हा नियम पक्का.

या रेषा आखतो एक स्वतंत्र सीमा आयोग. तो मंत्र्यांना नव्हे, थेट संसदेला उत्तरदायी असतो. मला त्यांची मोजण्याची रीत फार मोलाची वाटते. मी प्रभागरचनेच्या कामाला होतो. दहिसरच्या टोकाला प्रभाग १, कुलाब्याला २२७. एकेक प्रगणक गट, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेला छोटा भाग, नकाशावर जोडत खाली यायचं. आकडे २०११च्या जनगणनेचे. त्यानंतर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये दिवे लागलेले दिसायचे, पण तिथली माणसं आमच्या तक्त्यात नसायची. इंग्लंडचा आयोग नोंदणीकृत मतदार मोजतो आणि पुढच्या साधारण पाच वर्षांत ते किती होतील, याचाही अंदाज घेतो. म्हणजे मंजूर झालेली नवी वसाहतही हिशेबात येते. असा अंदाज आपल्याकडेही बंधनकारक व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

काउंटी आणि जिल्हा ही दुहेरी रचना मोडून एकच स्तर ठेवायची योजना तिथल्या सरकारने डिसेंबर २०२४मध्ये मांडली आहे, तेव्हा नावं बदलतील.

आणि हो, लेकीचं नाव मतदार यादीत आहे का, ते विचारा. भारत राष्ट्रकुलात असल्याने तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला मतदान करता येतं. यादीत नाव नसेल, तर डिव्हिजन आखतानाही ती मोजली जाणार नाही.