तारीख हलत नाही, मग हलवायचं काय?

प्रश्न : मी ऑफिसात प्रोजेक्ट सांभाळतो म्हणून ग्रुपने नवीन नाटकाचं मॅनेजमेंट माझ्या गळ्यात मारलंय. एक्सेलची मोठी शीट करून सगळ्यांना पाठवली, कोणी उघडूनसुद्धा बघत नाही. मागच्या वेळी शेवटच्या आठवड्यात नुसती बोंब होती, सेट अर्धा आणि लाइट्सचा पत्ताच नाही. यावेळी दोन अंकी नाटक आहे, हातात १० आठवडे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : शेवटून करा. ऑफिसातली डेडलाइन एकवेळ पुढे ढकलता येते पण तिकिटं विकली की शुभारंभाची तारीख काही हलत नाही, मग कमी-जास्त करायला उरतं काय, तर सेटचा आकार, कपड्यांचे बदल, लाइटचे क्यू, म्हणजे कुठल्या क्षणी काय बदलायचं त्याचे इशारे. म्हणून प्रयोगाच्या दिवसापासून मागे मागे या. आदल्या दिवशी जीआर, म्हणजे ग्रँड रिहर्सल, कपडे-मेकअपसकट, मध्ये न थांबता. तिच्या आधी टेक्निकल तालीम, आणि तिला अख्खा दिवस द्या, कारण त्यात सगळे संवाद म्हणायचे नसतात, एका क्यूवरून थेट पुढच्या क्यूवर जायचं, लाइट पडला का, म्युझिक वेळेवर आलं का, ब्लॅकआउटमध्ये खुर्ची कोण उचलणार, एवढंच. भयंकर कंटाळवाणं काम, म्हणून सगळे नेमकं तेच गाळतात आणि मग प्रयोगात अंधारात दोघं एकमेकांवर आपटतात.

असं मागे येत गेलात की लक्षात येईल, सेटचं ड्रॉइंग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच फायनल लागतं. खरी मेख इथेच आहे. दार डावीकडे की उजवीकडे हे ठरल्याशिवाय हालचाली पक्क्या होत नाहीत, आणि हालचाली पक्क्या नसतील तर लाइटवाल्याला उजेड कुठे पाडायचा तेच कळत नाही. दिग्दर्शक म्हणणार "बघू, तालमीत सुचेल". अभिनयात सुचू दे की, प्लायवूडला ते चालत नाही! तालमीच्या फरशीवर सेटचा नकाशा खऱ्या मापात चिकटपट्टीने आखून घ्या. आणि थिएटरचं सामान आत न्यायचं दार मोजा. मी एकदा स्टेज मोजलं, दार मोजलं नाही, तयार जिना बाहेर करवतीने कापावा लागला.

शीट तुमच्यापुरती ठेवा हो, नट मंडळी ती वाचणार नाहीत. त्यापेक्षा रोज तालीम संपली की चार-पाच ओळी टाका, म्हणजे "दुसऱ्या अंकात पत्र फाटतं, दर प्रयोगाला नवीन लागेल" असल्या. हालचाली, क्यू सगळं संहितेच्या एकाच मास्टर कॉपीत लिहा आणि प्रयोगात क्यू ती कॉपी सांभाळणाऱ्यानेच द्यायचे, दिग्दर्शकाने नाही, तो प्रेक्षकात बसलेला बरा.

पैशांचं म्हणाल तर किमान १० टक्के बाजूला काढा आणि टेक्निकलपर्यंत विसरून जा. लेखकाची परवानगी लेखी, पोस्टरच्या आधी.

सेट उतरवायला, भाड्याचे कपडे परत करायला आणि हिशोबाला माणसं आत्ताच नावानिशी ठरवून ठेवा, शेवटचा प्रयोग झाला की कोणी फोन उचलत नाही.