जत्रा कधी हे गावाला कोण सांगतं?

पिल्लू,

परवा तू विचारलंस की इथल्या टाऊनचं कसं दर महिन्याला ईमेल येतं, परेड कधी, लायब्ररीत काय आहे, कुठला रस्ता बंद, सगळं तारखेसकट, मग आबांच्या गावाला असं कॅलेंडर का नाही आणि नसेल तर लोकांना कळतं तरी कसं. वर आबांना फोनवर "जत्रा कधी आहे" विचारलंस तर ते म्हणाले, "पाडवा होऊ दे, पुनव गेली की आठवड्याभरात हायच की", आणि तू वैतागलीस की हे काय उत्तर झालं का. तेव्हा मी डबे भरत होते म्हणून राहिलं, आता लिहिते. मोठं होणार आहे, जमेल तसं वाच, अडलं तर बाबांना विचार.

पहिली गोष्ट, आबांनी तुला एकदम अचूक उत्तर दिलंय. आपली भैरवनाथाची जत्रा चैत्र वद्य अष्टमीला असते, म्हणजे पाडव्याला चैत्र लागला, पंधराव्या दिवशी पौर्णिमा, तिथून आठवा दिवस. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहिती असतं, फक्त इंग्रजी तारीख कुणी पाठ करत नाही कारण ती दरवर्षी हलते. पाडवा २०२३ ला २२ मार्चला होता, २०२४ ला ९ एप्रिलला, २०२५ ला ३० मार्च आणि २०२६ ला १९ मार्च. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं म्हणून सण दरवर्षी अलीकडे सरकतात, आणि फारच सरकले की मध्ये एक जास्तीचा महिना घालतात, अधिक मास. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता म्हणून पुढचा पाडवा एकदम एप्रिलमध्ये गेला. ज्यांनी हे गणित बसवलं त्यांच्याकडे एक्सेल नव्हतं हं.

मग जत्रा चैत्रातच का, तर आपल्याकडं, म्हणजे खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यात, रब्बीची ज्वारी तोवर काढून, मळून घरात आलेली असते, रान मोकळं असतं, हातात थोडे पैसे असतात आणि पाऊस अजून दोन महिने लांब असतो. आणि दुसरं, जत्रेला बाहेरची माणसं येतात. मुंबईला गेलेले येतात, पुण्याचे येतात, आणि गलाईवाले येतात. तुला माहिती नसेल, आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं सोनंचांदी गाळायच्या धंद्यात आहेत, त्याला गलाई म्हणतात, आणि ती माणसं केरळ, तमिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत कुठल्या कुठल्या बाजारपेठेत दुकान टाकून बसलीयत. ती दिवाळीला येतील न येतील पण जत्रेला येणार. त्यांची पोरं आपापसात तमिळ बोलतात आणि आजीशी अस्सल माणदेशी, तू ऐकशील तर हसशील.

कॅलेंडर नाही असं तुला वाटतं ते या अर्थानं खरं आहे की कुणी एकानं बसून सगळ्यांसाठी बनवलेलं नाही. पाडव्याला सकाळी देवळात पंचांग वाचतात, यंदा पाऊस कसा, धान्य स्वस्त का महाग वगैरे, आणि बरेचदा तिथंच जत्रेच्या बैठकीचा दिवस ठरतो. त्या बैठकीत जत्रा कधी हा विषयच नसतो. वर्गणी घरटी किती, तमाशा ठेवायचा का ऑर्केस्ट्रा, कुस्त्यांचं शेवटचं इनाम कोण देणार, पालखीला खांदा पहिला कुणाचा, यावर भांडणं होतात, आणि पालखीच्या मानावरून झालेली भांडणं मी लहान असताना जी होती तीच अजून आहेत, माणसं बदलली. मला विचारशील तर या मानपानात गावाची निम्मी अक्कल वाया जाते. पण त्याच बैठकीत पाण्याचा टँकर कुणी आणायचा, महाप्रसादाला गहू कुणाचा, लाकडं कुणाची हेही ठरतं, आणि ते कुठं लिहून ठेवत नाहीत तरी वेळेवर हजर असतं. म्हणजे बघ, इथल्या ईमेलमध्ये आपण "जायचं का नाही" ते ठरवतो. तिथं बातमी कळते तीच मुळी काम घेऊन, तुझ्याकडं गहू आहे, तुझ्याकडं पातेली, तू पाणी वाढायला.

कुस्त्या तुला खूप आवडतील म्हणून त्या जरा सविस्तर सांगते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मैदान भरतं. वजनकाटा बिटा काही नाही, पंच दोन पोरांना हाताला धरून आणतात, खांद्याला खांदा लावून उभं करतात, लोक ओरडतात "न्हाय जमत, ह्यो थोराड हाय", मग एकाला बाजूला काढून दुसरा आणतात, आणि सगळ्यांचं समाधान झालं की माईकवाला इनाम पुकारतो. बारक्या पोरांच्या कुस्त्या आधी, त्यांना थोडेफार पैसे, मग इनाम चढत चढत जातं आणि अंधार पडता पडता शेवटची मोठी. हलगी सतत वाजत असते आणि हलगीवाला नुसता वाजवत नाही, कुस्ती थंड पडली की तो ठेका वाढवतो, म्हणजे पैलवानांना कळतं की लोक कंटाळले. पाठ टेकली तरच निकाल, नाहीतर बरोबरीत सोडवतात. आता मुलींच्याही कुस्त्या लावतात आणि त्याला गर्दी पोरांच्या कुस्त्यांपेक्षा जास्त, माझ्या लहानपणी आम्हाला मैदानाच्या कडेलाही उभं राहू द्यायचे नाहीत, आम्ही शाळेच्या गच्चीवरून बघायचो.

आता रोजच्या बातम्यांचं. पूर्वी दवंडी असायची. चौकात येऊन डफडं बडवायचं, माणसं दारात आली की ओरडायचं, "ऐका हो ऐकाऽऽ, उद्या सकाळी टाकी धुवायची हाय, नळाला पाणी येनार न्हाई होऽऽ", आणि पुढच्या चौकात. आम्ही मागं मागं पळायचो. पण ही गंमत मी तुला अर्धीच सांगितली तर बरोबर होणार नाही. ही दवंडीची, निरोप्याची कामं शेकडो वर्षं गावानं विशिष्ट जातींवर टाकलेली होती. मयताची खबर दुसऱ्या गावाला पोचवायची, ती रात्री-अपरात्री पायी चालत, हे महारांचं वतनाचं, म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं, काम होतं, त्याचा मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागून आणायची भाकरी, आणि नाही म्हणायची सोय नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात बदल करायचं विधेयक मांडलं होतं, ते तेव्हा पास झालं नाही, स्वातंत्र्यानंतर कायदा होऊन ही वतनं संपली. म्हणजे गावाला सगळं आपोआप कळायचं असं लोक कौतुकानं म्हणतात ना, तर आपोआप काही नव्हतं, कुणाचे तरी पाय दुखत होते. आबांना विचार, ते सांगतील, त्यांनी बघितलंय.

आता दवंडीच्या जागी देवळावरचा भोंगा आहे. "हॅलो, हॅलो, ग्रामस्थांना कळविण्यात येते की" असं सुरू होतं आणि मग रेशन आलंय, लसीकरण आहे, कुणाची तरी शेळी हरवलीय. व्हॉट्सॲप ग्रुपही आहे, मामा त्यात आहे, पण त्यात सकाळी गुड मॉर्निंगची फुलं आणि रात्री राजकारण, कामाची गोष्ट मध्येच कुठंतरी गाडलेली. फ्लेक्सचं तर विचारूच नकोस, स्टँडवर एका बाजूला भावी सरपंचाचा वाढदिवस, दुसऱ्या बाजूला भावपूर्ण श्रद्धांजली, फोटोतले चष्मे सगळ्यांचे सारखेच.

मयताची बातमी मात्र अजूनही माणसानं माणसाला द्यायची असते. ग्रुपवर टाकतात, पण त्याआधी लग्न होऊन गेलेल्या लेकींना फोन जातो, आणि लेकी पोचेपर्यंत थांबतात. त्या दिवशी ज्या घरात गेलं त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून जेवायला बसवतात, नको म्हटलं तरी. कुणाचं लग्न त्याच दिवशी असेल तर लग्न होतं पण वाजंत्री बंद. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही आणि कुणी मोडलेलं मी तरी बघितलं नाही. इथं रात्री फोन वाजला की मी आधी नंबर बघते ना, ते त्यासाठी.

लग्नाची पत्रिका आता छापतात, पण घरी येऊन सांगितलं नाही तर माणसं जात नाहीत, आणि सांगायचीही रीत आहे. "चूलबंद आवतण" म्हणजे अख्ख्या घरानं यायचं, त्या दिवशी तुमच्याकडं स्वयंपाकच करायचा नाही. नाहीतर मग घरटी एक. आजी कुणाच्या घरून परत आली की आम्ही पहिलं हेच विचारायचो, सगळ्यांना का एकाला.

बेंदूर तुला फोटोत दिसला होता, बैलांची शिंगं रंगवलेली. विदर्भ-मराठवाड्यात पोळा असतो, श्रावणी अमावस्येला, आपल्याकडं आषाढात बेंदूर. त्यातला आदला दिवस मला जास्त आवडतो, त्याचे फोटो कुणी काढत नाही. संध्याकाळी बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, हळद आणि तेल लावून चोळायचे, जू ओढून ओढून तिथं घट्टा पडलेला असतो, तो हाताला लागतो. आणि मग बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आबा हे अगदी गंभीरपणे म्हणायचे, पाहुण्याला सांगावं तसं. आता ट्रॅक्टर आले, गावात बैलजोड्या मोजक्या राहिल्या, तर ज्यांच्याकडं बैल नाहीत ते मातीच्या बैलाला पुरणपोळी दाखवतात. जे बैल टिकलेत त्यातले बरेचसे शर्यतीच्या नादानं टिकलेत. शर्यतींवर २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली होती, मग डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. मामाचं आणि माझं यावर पटत नाही, तो म्हणतो शर्यत गेली की खिलार, म्हणजे आपल्याकडची बैलांची जात, गेली, मी म्हणते बैलाला कुणी विचारलंय का. तू आलीस की आम्हाला भांडताना बघशील.

पावसाचं कॅलेंडर पुन्हा वेगळंच. तिथं चंद्र नाही, सूर्य बघतात, म्हणून मृग नक्षत्र दरवर्षी ७-८ जूनलाच लागतं. मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असं करत हस्त, चित्रा, स्वातीपर्यंत. पुनर्वसूला म्हणतात तरणा पाऊस आणि पुष्याला म्हातारा. आबा हवामानाचं ॲपही बघतात आणि नक्षत्रही, दोन्ही चुकलं की दोघांनाही शिव्या देतात.

इंग्रजी तारखेनं होणाऱ्या गोष्टीही गावात आहेत बरं का. १४ एप्रिल, आंबेडकर जयंती, ती कुठल्याही पंचांगाला विचारत नाही, निळे झेंडे आठवडाभर आधी लागतात. शिवजयंती तर दोनदा, १९ फेब्रुवारीला सरकारी आणि फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीची, दोन्हीचे कार्यकर्ते वेगळे, डीजे एकच. आणि ग्रामसभा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी घ्यायची पद्धत. झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणात. कागदावर बघशील तर गावातला सगळ्यात महत्त्वाचा इव्हेंट हाच, गटारापासून घरकुलापर्यंत सगळं तिथं विचारता येतं, आणि याची नोटीस रीतसर फळ्यावर लागते, म्हणजे तुला हवं तसं तारीख-वेळेसकट. तरी कोरम भरायला माणसं शोधत फिरावं लागतं. बायका तर फारच कमी, सरपंच बाई असली तरी. आजी एकदा पाण्याच्या पाइपलाइनचं विचारायला गेली होती, उभी राहून बोलली, त्याची चर्चा गावात जत्रेच्या तमाशापेक्षा जास्त दिवस चालली.

तर आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडं, जत्रेला जाता येईल का. चैत्र वद्य अष्टमी म्हणजे बहुतेक वेळा एप्रिल, कधी मेची सुरुवात, आणि तुझ्या शाळेला तेव्हा मोठी सुट्टी नसते. मे अखेर गेलो तर जत्रा नाही मिळणार, लग्नं मिळतील, आंबे मिळतील, आणि ऊन असं की दुपारी बाहेर पडायचं नाव काढणार नाहीस. जूनच्या शेवटी गेलो तर आषाढी वारी मिळू शकते, बेंदूरही, अधिक मास कुठं येतो त्यावर आहे. स्प्रिंग ब्रेकला दोन दिवस रजा जोडून द्या असं तुझ्या टीचरना मी ईमेल करून बघते. तू तोवर मामाला फोन कर, तारीख विचारू नकोस, अष्टमी कधी आहे ते विचार. आणि तो वर्गणीचं काढेल, कारण बाहेर राहणाऱ्यांची पावती घरटी वर्गणीच्या दुप्पट धरलीय म्हणे यंदा, तर त्याला सांग आईशी बोल.

आई