कार्यकारी मंडळाच्या सभा होतात, पण काम पुढे सरकत नाही: एका जुन्या कार्यवाहाचे उत्तर

आपली संस्था दांडिया बाजाराच्या परिसरात मराठी वाचनालय आणि मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवते, कार्यकारी मंडळात 11 जण आहेत, दर दोन महिन्यांनी सभा भरते, सेवउसळ आणि चहा होतो, पण ठरलेले काहीच होत नाही, असे आपण लिहिले आहे. एक ज्येष्ठ सदस्य प्रत्येक विषयावर हरकत घेतात, त्यांना सन्मानाने बाजूला कसे करावे, हेही आपण विचारले आहे. वडोदऱ्यातल्याच एका संस्थेत मी 17 वर्षे आधी कोषाध्यक्ष आणि नंतर कार्यवाह होतो, तेवढ्या आधारावर लिहितो.

आमचे मंडळ कुचकामी आहे, हे आम्हांला सभेत नव्हे, बँकेत कळले. आमच्या मुदत ठेवींच्या पावत्या लोखंडी कपाटात एका खाकी लखोट्यात असत. अध्यक्ष वारले, तेव्हा सह्यांचे अधिकार बदलण्यासाठी आम्ही ठराव घेऊन बँकेत गेलो, आणि बँकेने रीतसर चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयातला पी.टी.आर.चा, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या सरकारी नोंदवहीचा, उतारा मागितला. त्या उताऱ्यावर विश्वस्तांची सात नावे होती. त्यांपैकी तिघे हयात नव्हते, एक परदेशात मुलाकडे कायमचे गेलेले होते, आणि ज्याची सही कित्येक वर्षे धनादेशांवर चालत होती, तो मी त्या यादीत नव्हतोच.

आपल्याकडे बहुतेक संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. दुसऱ्या कायद्याप्रमाणे विश्वस्तांत कोणताही बदल झाला, मग तो निवडणुकीने असो, राजीनाम्याने असो वा मृत्यूने, तर 90 दिवसांच्या आत चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयात फेरफार रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची लेखी माहिती, द्यावा लागतो. आमच्या प्रत्येक निवडणुकीचे इतिवृत्त व्यवस्थित लिहिलेले होते, पण रिपोर्ट एकाही निवडणुकीचा गेला नव्हता. मग प्रत्येक बदलासाठी वेगळा अर्ज, त्याला त्या वेळची सूचना, इतिवृत्ताची प्रत, मृत्यूचे दाखले आणि उशीर माफ करण्याची विनंती, असे सगळे जुळवत बसलो. तोवर ठेवी अडकून पडल्या आणि अभ्यासिकेच्या दोन शिक्षिकांचे मानधन आम्ही चौघांनी खिशातून दिले.

इतक्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही, हे पाहायला मी जुनी इतिवृत्ते काढली. दोष भाषेतच सापडला. ‘रिपोर्ट पाठवण्यात यावा’, ‘हिशेब तयार करण्यात यावेत’, ‘गळती दुरुस्त करण्यात यावी’, असे सगळे ठराव कर्मणी प्रयोगात होते, म्हणजे वाक्यात करणारा कोणी नव्हताच. त्यानंतर आम्ही एकच नियम केला: ज्या ठरावात माणसाचे नाव आणि तारीख नाही, तो ठराव मंजूर झाला असे समजायचे नाही. इतिवृत्त आठवड्याच्या आत सर्वांकडे जायचे आणि पुढच्या सभेचा पहिला विषय त्या नावांचा आणि तारखांचा असायचा. पहिल्या दोन सभा फार अवघडलेल्या गेल्या. तिसऱ्या सभेपासून कामे होऊ लागली.

मंडळाने वाचनालय चालवायचे नसते, ते नीट चालले आहे की नाही हे विचारायचे असते. लहान संस्थेत तीच माणसे दोन्ही कामे करतात, म्हणून कपाटाला कोणता रंग द्यावा यावर पाऊण तास जातो आणि जमाखर्चावर पाच मिनिटे. विचारायचे तर कागद आधी हातात हवा. सभेच्या आठ दिवस आधी एक पान पाठवा: बँकेतली शिल्लक, या वर्षीची जमा व खर्च, त्याच महिन्यांचे मागच्या वर्षीचे आकडे, देणी, ठेवींच्या मुदतीच्या तारखा. त्याच पानाच्या तळाशी लेखापरीक्षण, प्राप्तिकर नोंदणीचे नूतनीकरण आणि फेरफार रिपोर्ट यांच्या तारखा लिहा. सभेत कोषाध्यक्षांनी ते पान वाचून दाखवू नये. सदस्यांनी ते वाचूनच यावे.

सदस्याच्या नातेवाइकाला काम देण्याचा प्रसंग येतोच, कारण छापखाना किंवा रंगकाम कोणाच्या तरी भाच्याचे असते. काम द्यायला हरकत नाही, पण इतर दोन ठिकाणचे दर मागवा, संबंधित सदस्याने त्या विषयापुरते बाहेर बसावे, आणि तसे इतिवृत्तात लिहावे. विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना वाजवीपेक्षा जास्त पैसे गेले, तर संस्थेची करसवलत धोक्यात येते.

वर्गणीबद्दल माझे मत थोडे कडक आहे: मंडळावरच्या प्रत्येकाने दरवर्षी आपल्या ऐपतीप्रमाणे, पण स्वतःला जाणवेल एवढी रक्कम द्यावी. सयाजीराव महाराजांनी 1910 नंतर गावोगावी वाचनालये उभी केली, तेव्हा साधारणपणे एक तृतीयांश पैसा गावाने जमवायचा, उरलेला प्रांत पंचायत (जिल्हा पातळीवरचे मंडळ) आणि सरकार यांनी घालायचा, अशी रीत होती. ज्याने स्वतःचा हिस्सा घातला आहे, तो हिशेब मागायला लाजत नाही.

आता आपल्या हरकत घेणाऱ्या सदस्यांविषयी. आमच्याकडेही असे एक काका होते आणि त्यांचा विषय निघाला की आम्ही घड्याळाकडे पाहत असू. ती जुनी इतिवृत्ते चाळताना त्यांचा ‘फेरफार रिपोर्ट गेला का?’ हा प्रश्न सलग तीन वर्षे नोंदलेला सापडला, आणि तिन्ही वेळा त्यापुढे ‘चर्चा झाली’ एवढेच लिहिलेले होते. आपल्या सदस्यांना बाजूला करण्यापूर्वी पुढच्या सभेत पी.टी.आर.चा ताजा उतारा काढून आणण्याचे काम त्यांच्या नावावर, तारीख घालून लिहा.