दुसरा फटका नको!

प्रश्न : डॉक्टरबाई, परवा टीव्हीवर एक रहस्यपट लागला होता. नायकाच्या डोक्याला मार लागतो, नाव-गाव सगळं विसरतो, नव्या गावात संसार थाटतो. मग एक जण जुना फोटो घेऊन येतो नि पैसे उकळायला लागतो. शेवटी डोक्यावर दुसरा फटका बसतो आणि सगळं आठवतं! असं खरंच होतं का? आमचे हे म्हणतात, होतं.
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तो सिनेमा मीही पाहिला. तुमच्या ह्यांना सांगा, बहुधा उलटंच होतं. नाव, गाव, बायको शाबूत राहतात. पुसले जातात ते अपघाताच्या आसपासचे तास. माझ्याकडे एकदा स्कूटरवरून पडलेला मुलगा आणला होता. घरचा पत्ता घडाघडा सांगत होता आणि दर दोन मिनिटांनी विचारत होता, "आई, माझी गाडी कुठंय?" पंधरा वेळा सांगून झाल्यावर आईला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी गडी ठीक. पण ती संध्याकाळ त्याला कधीच परत मिळाली नाही.

अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनची तर उभी हयात अशी गेली. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली, २७व्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाचा) बराच भाग काढला. बालपण आठवे, पण नवा माणूस लक्षात राहीना. गंमत अशी, की आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तर दिवसागणिक हात सुधारायचा, आणि आपण हे आधी केलंय याचा त्याला पत्ताच नसायचा.

स्वतःचं नावच विसरणं हा बहुतेकदा मनावरच्या आघाताचा प्रकार. रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्ती डिसेंबर १९२६मध्ये ११ दिवस बेपत्ता होत्या. सापडल्या इंग्लंडमधल्या हॅरोगेट गावच्या हॉटेलात. तिथं आडनाव लावलं होतं नवऱ्याच्या प्रेयसीचं! खरंच विसरल्या होत्या का, यावर अजून वाद आहे.

दुसऱ्या फटक्यानं काही परत येत नाही. पहिला मार ताजा असेल तर जिवावर बेतू शकतं.

तो पैसे उकळणारा मात्र मला पटला. (भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८खाली खंडणीला सात वर्षांपर्यंत कैद आहे, पोलिसांत जायचं सोडून हा बाबा पाकिटं पोचवत बसतो.) पण ज्याला काही आठवतच नाही, तो "मी ते केलं नाही" असं ठणकावून सांगणार कसा? फोटोत स्वतः हसतोय, आणि कशाला हसतोय ते ठाऊक नाही. तेवढ्या दृश्याला मी चहा टाकायला उठले नाही.