हॉलमधल्या स्पीकरचा आवाज मोजायला स्वीप (खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत सरकत जाणारा आवाज) वाजवला आणि माईकने टिपला. आलेखात 70 हर्ट्झला शिखर (आवाज जास्त) आणि 113 ला खड्डा (आवाज कमी) आला आहे. इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, सपाट करू का?

तुमचा सुदामा नगरचा हॉल 16 फूट लांब, 11 फूट रुंद. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, स्पीकर समोरच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे. इक्वलायझरला इतक्यात हात लावू नका, आधी सोफा हलवा.

शिखर हॉलच्या लांबीमुळे आलं आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, आणि 16 फूट म्हणजे 4.88 मीटर. वेगाला लांबीच्या दुपटीने भागलं की पहिला अनुनाद (ज्या सुराला हॉल स्वतःच घुमतो तो) 35 हर्ट्झला येतो, दुसरा 70 ला. दोन्ही भिंतीलगत सर्वांत जोरात ऐकू येतात आणि तुम्ही बसता नेमके तिथेच. आपल्या इंदूरच्या घरांत विटांच्या जाड भिंती, खाली कोटा फरशी. खालचे सूर बाहेर निघतच नाहीत. परदेशी लाकडी घरांसाठी दिलेले सल्ले म्हणूनच इथे अपुरे पडतात.

शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याला हे फार जाचतं. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झ, तर तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे 69. खर्जाची तार छेडली की हॉलच तिच्यासोबत घुमतो आणि डग्ग्याची मींड त्यात बुडून जाते. इंदूर घराण्याचे गायक अमीर खाँसाहेबांच्या गावात मंद्राला, म्हणजे खालच्या सप्तकाला, कान लागलेले असतात, तिथे असा गोंधळ कोण सहन करेल!

सोफा तीन फूट पुढे ओढा आणि पुन्हा मोजा. 70 चं शिखर बरंच खाली आलेलं दिसेल. त्यासाठी दोन इंची फोम आणू नका. या सुराची तरंगलांबी हॉलएवढीच, जवळपास पाच मीटर आहे. पातळ फोम फक्त वरचे सूर खातो आणि हॉल उलट मंद वाटू लागतो.

खड्ड्याचं कारण वेगळं आहे. स्पीकरमागच्या भिंतीवर आपटून परतणारा आवाज पाच फूट जास्त चालतो, 113 हर्ट्झची ती अर्धी तरंगलांबी. थेट आलेला आणि परतलेला आवाज एकमेकांना खोडतात. तिथे 10 डेसिबल वाढवायचे तर अँप्लिफायरकडून दहापट ताकद लागेल, आणि परतणारा आवाजही तितकाच वाढेल, म्हणजे खड्डा तसाच. स्पीकर भिंतीपासून आठेक इंचांवर नेलेत तर खड्डा 400 हर्ट्झच्या वर सरकतो. तिथे जाड खनिज लोकरीचं पॅनेल उपयोगी पडतं. भिंतीजवळ बास वाढेल, पण वाढलेलं कापता येतं. खोडलेलं भरता येत नाही.

मोजताना पंखा, कूलर बंद. माईक तुम्ही बसल्यावर कान येतो त्या उंचीवर, सोफ्याच्या पाठीपासून जरा दूर. माईक स्पीकरकडे असेल तर शून्य अंशाची कॅलिब्रेशन फाईल (माईकच्या स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी), छताकडे असेल तर 90 अंशाची. ही फाईल चुकली की वरच्या पट्टीतलं सगळं वाचन फसतं. डावा, उजवा, मग दोन्ही मिळून असे वेगवेगळे स्वीप घ्या, आणि डोकं जिथे हलतं तिथल्या चार-पाच जागांची सरासरी काढा.

एवढं झाल्यावर इक्वलायझर. साधारण 250 हर्ट्झच्या खाली उरलेली शिखरं कापा, वाढवू काही नका. वरचा भाग स्पीकर बनवणाऱ्यावर सोडा. आलेख डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरत गेला पाहिजे. घरात आडवी सरळ रेषा कानाला कर्कश लागते.