झोके दोन गावांचे, सातबारा कोणाचा?

प्रश्न : आमची आणि शेजारची ग्रामपंचायत, मधे फक्त एक पांदण. शाळा त्यांच्याकडे, अंगणवाडी आमच्याकडे. पोरं खेळतात रस्त्यावर. शिवेवर एकरभर मोकळी जागा आहे, तिथे झोके, घसरगुंडी लावायचं दोन्ही सरपंचांचं ठरलं होतं. आता ते म्हणतात, 'जागा तुमच्या हद्दीत, खर्चही तुमचाच.' दोन पंचायतींना मिळून असं काम करता येतं का?
– एक उपसरपंच, उमरेड तालुका, जि. नागपूर

उत्तर : करता येतं, ताई. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५० त्यासाठीच आहे. दोन पंचायतींना आपापले सदस्य देऊन संयुक्त समिती नेमता येते.

पण समितीच्या आधी सातबारा काढा. मी तीस वर्षं ग्रामसेवक होतो. मोकळी दिसणारी जागा खरंच मोकळी असते, यावरचा माझा विश्वास पहिल्या पाच वर्षांतच उडाला. आपल्या भागात पळस-बोरं वाढलेल्या पडीत जागेची नोंद बरेचदा 'झुडपी जंगल' निघते. या जमिनी वनजमीनच समजायच्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ ला सांगितलं. म्हणजे तिथे काही करायचं तर केंद्राची मंजुरी लागणार. दोन झोक्यांसाठी त्या फंदात पडू नका. गायरान निघालं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागेल, आणि गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालापासून तिथेही हात आखडताच आहे. त्यापेक्षा आबादीतली (गावठाणातली) किंवा शाळेची जागा बघा. अर्धा एकर भरली तरी चालेल, पोट्टे काही मोजायला बसत नाहीत. शाळेची जागा ठरली तर हद्द त्यांची होते. मग 'हद्द ज्याची, खर्च त्याचा' हे ते पुन्हा म्हणतात का, तेही कळेल!

पैसा रुपयांत अर्धा-अर्धा वाटू नका, कामं वाटा. भराव आणि कुंपण एकानं, खेळणी दुसऱ्यानं. दोघांनीही ग्रामसभेत ठराव घेऊन काम आपापल्या विकास आराखड्यात घालायचं. वित्त आयोगाच्या पैशातून करणार असाल तर ते अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेनुसार वापरता येणाऱ्या हिश्शातून करा. बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेचा, त्याला हात लावू नका. 'दुसऱ्याच्या हद्दीत खर्च का केला?' असा आक्षेप लेखापरीक्षणात हमखास येतो, तेव्हा हे ठरावच कामी येतात.

ठरावात एक ओळ मात्र विसरू नका: मोडलं तर दुरुस्त कोणी करायचं. माझ्या नोकरीत अशाच दोन गावांनी मिळून खेळाची जागा केली. उद्घाटनाला नारळ कोणी फोडायचा यावर वाद, म्हणून दोन नारळ आणले. पहिल्याच पावसाळ्यानंतर एका झोक्याचा हूक तुटला. चाळीस रुपयांची वस्तू. पण खेळणी कोणाच्याच मालमत्ता नोंदवहीत चढवलेली नव्हती, मग खर्च कुठल्या तोंडानं टाकायचा? सात महिने तो झोका एका साखळीवर लोंबत होता. शेवटी पंक्चरवाल्यानं कुठूनतरी हूक आणून लावला. दोन्ही पंचायतींनी त्याला चहासुद्धा पाजला नाही. (त्यातल्या एकीचा ग्रामसेवक मीच होतो, हेही सांगून टाकतो.)

बाकी गोष्टी ठेकेदार सांगणार नाही म्हणून सांगतो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरवर गाडलेले खांब दोन वर्षांत कलतात. माती खोल उकरून मुरूम भरून घ्या. झोक्याखाली फरशी नको, रेती टाका. नेमकी जागा कुठे, यावर बैठका घेण्यापेक्षा तान्ह्या पोळ्याला दोन्ही गावची लेकरं लाकडी बैल घेऊन आपसूक कुठे जमतात, ते बघून या.

आणि घसरगुंडी कडुनिंबाच्या सावलीतच बसवा. माझा नातू मे महिन्यात भर दुपारी अशाच एका उघड्यावरच्या पत्र्यावर बसला होता. तेव्हापासून घसरगुंडी दिसली की आधी तो हात लावून बघतो.